'सायक्लोपियन' बांधकाम म्हणजे नक्की काय? 'राक्षसी' म्हणून चालेल का?

पुस्तकी किडा

ग्रीसमधल्या मायसीनी आणि टिरिन्सच्या तटबंदीबद्दल मराठीत जे लिहिलेलं सापडतं, त्यात एकाच शब्दाची तीन-चार भाषांतरं दिसतात: 'राक्षसी तटबंदी', 'महापाषाणी भिंत', 'अजस्र दगडी बांधकाम'. मूळ शब्द एकच, सायक्लोपियन. माहितगारांना तीन प्रश्न.

१. हा शब्द दगडाचा आकार सांगतो की बांधायची पद्धत?
२. सायक्लॉप्स म्हणजे कपाळावर एक डोळा असलेले दांडगे. होमरच्या 'ओडिसी' महाकाव्यातला पॉलिफेमस हा सायक्लॉप्स तर मेंढ्या राखतो. मग यांच्या नावावर तटबंदी कशी चढली?
३. बिहारमधल्या राजगीरच्या भिंतीला आणि पेरूतल्या साक्सायवामानलाही हाच शब्द सर्रास लावतात. ते बरोबर आहे का?

यवनिका

दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करते, कारण गोंधळाचं मूळ तिथे आहे.

ग्रीक शब्द 'कुक्लोप्स'. 'कुक्लोस' म्हणजे वर्तुळ, चाक. संस्कृत 'चक्र' आणि आपलं 'चाक' त्याचेच भाऊबंद. 'ओप्स' म्हणजे डोळा किंवा चेहरा, 'अक्षि'च्या कुळातला. म्हणजे शब्दशः 'चक्राक्ष', वाटोळ्या डोळ्याचा. या शब्दात 'एक' कुठेच नाही. कपाळावर एकच वाटोळा डोळा होता म्हणून हे नाव, असा खुलासा प्राचीन ग्रीक कवी हेसिओड करतो.

ग्रीकांकडे सायक्लॉप्सची तीन वेगळी घराणी आहेत आणि ती एकमेकांत मिसळली की सगळं बिनसतं.

हेसिओडचे तिघे आहेत ब्रोंटीस, स्टेरोपीस आणि आर्गीस. नावांतच गडगडाट, वीज आणि लखलखाट. हे झ्यूसचं वज्र घडवणारे.

होमरचे सायक्लॉप्स वेगळे. ते नांगरत नाहीत, पेरत नाहीत, सभा भरवत नाहीत, डोंगरातल्या गुहांत राहतात. गवंडीकामाचं नाव नाही. तरीही 'ओडिसी'च्या नवव्या सर्गात दोन तपशील आहेत. पॉलिफेमसच्या गुहेपुढे जमिनीत रोवलेल्या दगडांचं उंच कुंपण आहे. आणि दाराला तो जो धोंडा लावतो, तो चांगल्या बावीस चारचाकी गाड्यांनाही हलला नसता.

तिसरे, तटबंदी बांधणारे. 'इलियड'मध्ये टिरिन्सला 'तटबंदीची' असं विशेषण आहे, पण ती कुणी बांधली याचा उल्लेख नाही. बांधणाऱ्या सायक्लॉप्सची कथा ठळक दिसते ती इ.स.पू. पाचव्या शतकातल्या कवींकडे, म्हणजे बॅकिलिडीस आणि युरिपिडीसमध्ये. पुढे भूगोलकार स्ट्रॅबो सांगतो, की टिरिन्सचा राजा प्रीटसने त्यांना लिकियाहून बोलावून टिरिन्सचा तट बांधून घेतला, ते सात जण होते आणि त्यांना 'पोटहाते' म्हणत, कारण हाताच्या कसबावर पोट भरत. म्हणजे थेट हातावर पोट असलेले कारागीर! लिकिया म्हणजे आजच्या तुर्कस्तानचा नैर्ऋत्य किनारा. या कथेतले सायक्लॉप्स राक्षस कमी आणि बाहेरगावाहून मजुरीवर आलेले गवंडी जास्त आहेत. 'राक्षसी' हे भाषांतर इथेच पडतं.

सरळवाट

बुटक्या हत्तींच्या कवटीवरून सायक्लॉप्स सुचला, हेही द्या ना. सिसिलीत सापडणाऱ्या कवटीत सोंडेचं भोक मधोमध असतं, ते डोळ्यासारखं दिसतं.

यवनिका

ती कल्पना ऑथेनिओ आबेल या पुराजीवशास्त्रज्ञाने १९१४ मध्ये मांडली. एका डोळ्याचा खुलासा म्हणून गमतीशीर आहे, पण अशी कवटी पाहून सायक्लॉप्सची आठवण झाली, असं लिहिणारा प्राचीन ग्रीक लेखक दाखवता येत नाही. तटबंदीशी तर तिचा काहीच संबंध नाही.

टाकीचे घाव

आता पहिला प्रश्न. पद्धत. आकार हा तिचा एक भाग झाला.

इ.स.च्या दुसऱ्या शतकात पॉसेनियस हा ग्रीक प्रवासवर्णनकार टिरिन्सला जाऊन आला. त्याचं वर्णन थोडक्यात असं: अवशेषांत आता फक्त तट उरला आहे, तो सायक्लॉप्सचं काम, न घडवलेल्या दगडांचा. त्यातला सर्वांत लहान दगडही खेचरांच्या जोडीला जागचा हलणार नाही. आणि या मोठ्या दगडांना एकमेकांशी बांधून ठेवायला मध्ये लहान दगड पूर्वीच बसवलेले आहेत.

यातलं शेवटचं वाक्य लोक गाळतात आणि खेचरांचं तेवढं लक्षात ठेवतात. खरी व्याख्या शेवटच्या वाक्यात आहे. अनघड शिळा, मध्ये चिपा, चुना नाही.

बांधणीचा क्रम साधारण असा.

पाया खडकावर. माती काढून खडक उघडा करायचा, उतार असेल तिथे लहान दगड आणि मातीने बैठक सपाट करायची. तट खडकाची कड धरून चालतो, म्हणून नकाशावर तो वेडावाकडा दिसतो.

मग दोन तोंडं, बाहेरचं आणि आतलं. दोन्हीकडे मोठ्या शिळा. शिळेची त्यातल्या त्यात सपाट बाजू दर्शनी यायला हवी. हातोड्याने फार तर टेंगळं उडवायची, सांधे घडवायचे नाहीत. शिळा चुनखडकाच्या, जवळच्याच डोंगरातल्या. हा खडक नैसर्गिक भेगांवर सुटतो, त्यामुळे फोडण्याचे कष्ट कमी, ओढण्याचे जास्त.

शिळा बसली की खाली-बाजूला फटी राहणारच. त्यात चिपा आणि माती. दोन तोंडांच्या मधल्या पोकळीत दगडगोटे आणि मातीची भर.

आकडे: मायसीनीचा तट सुमारे ९०० मीटर लांब, जाडी बहुतेक ठिकाणी साडेपाच ते साडेसात मीटर. आज जास्तीत जास्त सव्वाआठ मीटर उंची उभी आहे, मूळ उंची १२ मीटरच्या आसपास धरतात. काळ ढोबळमानाने इ.स.पू. १३५० ते १२००. बिओशियातल्या ग्ला इथे पूर्वीच्या कोपाइस सरोवरातल्या खडकाळ बेटाभोवती जवळपास ३ किलोमीटरचा तट आहे, साडेपाच मीटरच्या आसपास जाडीचा.

सरळवाट

खेचरांचं अतिशयोक्ती असणार.

टाकीचे घाव

हिशोब करून बघू. चुनखडक घनमीटरला साधारण २.६ टन. एक मीटर लांब, पाऊण मीटर रुंद, अर्धा मीटर उंच असा मध्यम दगड घेतला तर जवळपास एक टन. उघड्या खडबडीत जमिनीवर ओढायला वजनाच्या निम्म्याहून जास्त जोर लागतो, म्हणजे ५०० ते ६०० किलो. खेचर सलग ओढताना स्वतःच्या वजनाच्या आठव्या-दहाव्या हिश्शाएवढा जोर लावतं. झटक्यात त्याच्या काही पट. ४०० किलोची दोन खेचरं झटक्यात फार तर ३०० किलोपर्यंत जातील. म्हणजे मध्यम आकाराच्या शिळांपुरतं पॉसेनियसचं विधान अक्षरशः खरं आहे. 'सर्वांत लहान' मात्र नाही, चिपा तर एका हाताने उचलता येतात.

शिळा हलवायची ती घसरगाडी, खाली लाकडाच्या पट्ट्या, मातीचा उतार आणि पहारी-तरफा यांनी. उतारासाठी फार लांबून माती आणायला नको, कारण तट वर जाईल तशी मधली भरच बैठक होते.

कोकणचो

म्हणजे आमचा गडगाच की. वाडीच्या कुंपणाला दगडावर दगड रचून, फटीत चिपा ठोकून करतात तो. फक्त हा पंधरा पट जाड.

टाकीचे घाव

तत्त्व तेच, आणि दोष पण तेच! म्हणून तुलना कामाची आहे.

चिपा दोन प्रकारे बसवतात. पहिला प्रकार: शिळा पहारीवर तोललेली असतानाच तिच्याखाली चीप सारायची आणि मग शिळा सोडायची. या चिपेवर भार येतो, ती हलत नाही. दुसरा: सगळं रचून झाल्यावर बाहेरून फटीत हातोडीने ठोकायची. ती नुसती सजावट. चार पावसाळ्यांत मधली माती धुपली की गळते. गडग्याच्या पायथ्याशी चिपांचा सडा दिसला तर ठोकलेल्या होत्या असं समजावं.

भाराची चीप निघाली की शिळा दोन-तीन टोकांवर टेकते, त्या टोकांवर चुनखडक चिरडतो, शिळा किंचित कलते, वरचा थर तिच्यामागे येतो.

दुसरा दोष पोटातला. मधली भर पाणी पिते, बसते आणि बाहेरच्या तोंडाला ढकलते. भिंतीला पोट सुटतं. यावर उपाय म्हणजे लांब शिळा आडवी न ठेवता तिची लांबी भिंतीत आत जाईल अशी ठेवायची, म्हणजे शेपूट भरीत रुतून राहतं. लांब बाजू दर्शनी ठेवली तर बाहेरून भिंत भव्य दिसते आणि आतून ती नुसतं कातडं असते.

तिसरा, उभ्या दरजा, म्हणजे दगडांमधले सांधे, एकाखाली एक येणं. अनघड दगडात थर सरळ राहत नाहीत, त्यामुळे हे टाळायला गवंड्याची नजर लागते. ग्लाच्या तटात थोड्या थोड्या अंतरावर दर्शनी रेघ काही सेंटिमीटर आत-बाहेर होते, करवतीच्या दात्यासारखी. तट तुकड्यातुकड्याने बांधल्याची ही खूण, असा एक अर्थ लावतात. तसं असेल तर तिथली उभी दरज मुद्दाम ठेवलेली आहे, चूक म्हणून आलेली नाही.

ऊनसावली

मायसीनीचं सिंहद्वार मग यात बसत नाही ना? तिथले दगड तर चांगले चौकोनी दिसतात.

यवनिका

बरोबर पकडलंत. मायसीनीच्या एकाच तटात तीन तऱ्हा आहेत आणि प्रवासवर्णनांत तिघींना सरसकट सायक्लोपियन म्हणून मोकळे होतात.

बहुतेक लांबी सायक्लोपियन, चुनखडकाच्या अनघड शिळांची.

सिंहद्वार आणि त्याच्या बाजूच्या भिंती घडीव, आडव्या थरांत. दगडही वेगळा, गोटे चिकटून बनलेला काँग्लोमरेट. काळ सुमारे इ.स.पू. १२५०. दारावरची आडवी शिळा साडेचार मीटर लांब, वजन २० टनांच्या आसपास. तिच्यावर भिंतीचा भार थेट येऊ नये म्हणून वर त्रिकोणी पोकळी सोडली आणि त्या पोकळीत सिंहांची पातळ शिळा बसवली. सिंह शोभेसाठी आहेतच, पण ती जागा मुळात भार टाळण्यासाठी सोडलेली आहे.

तिसरी तऱ्हा बहुकोनी दगडांची. सांधे एकमेकांना नेमके जुळवलेले, चिपांना वावच नाही. ही इ.स.पू. तिसऱ्या शतकातली डागडुजी, म्हणजे मूळ तटाला हजार वर्षं होऊन गेल्यावरची.

'अत्रेयसचा खजिना' हे जवळचं थडगंही सायक्लोपियन नाही. त्याच्या दारावरची आतली शिळा १२० टनांच्या घरात जाते, तटातल्या कुठल्याही दगडापेक्षा कितीतरी मोठी. पण ती घडीव आहे. शब्द नुसत्या आकारावर ठरत असता तर पहिला मान तिला गेला असता.

पुस्तकी किडा

हे उदाहरण झकास. पण मग आकाराला महत्त्वच नाही का? गडग्याला कुणी सायक्लोपियन म्हणत नाही.

यवनिका

म्हणत नाहीत, कारण नाव बघणाऱ्यांनी दिलं, बांधणाऱ्यांनी नाही. हे तट बांधणारी मायसीनीयन सत्ता कोसळल्यानंतर असे तट बांधणं थांबलं. पुढच्या ग्रीकांना तट दिसत होता आणि तो बांधण्याची रीत ठाऊक नव्हती. मग कर्ता शोधला. टिरिन्स-मायसीनीला सायक्लॉप्स मिळाले. अथेन्सच्या ॲक्रोपोलिसवर याच पद्धतीचा याच काळातला तट आहे, प्रवेशद्वाराच्या दक्षिणेला त्याचा तुकडा आजही उभा आहे. अथेन्सवाल्यांनी तो पेलास्गी नावाच्या प्राचीन लोकांच्या नावावर टाकला. बांधणी तीच, गाव बदललं की कर्ता बदलला.

ऊनसावली

आपल्याकडे 'पांडवांनी एका रात्रीत बांधलं' म्हणतात तसं. नाशिकची पांडवलेणी बौद्ध आहेत, सातवाहन आणि क्षहरातांचे शिलालेख आत कोरलेले आहेत, तरी नाव पांडवांचंच.

'हेमाडपंती' त्याहून जवळचं उदाहरण. हेमाद्री हा यादवांच्या महादेव आणि रामचंद्र या राजांच्या पदरचा, तेराव्या शतकातला. अंबरनाथचं मंदिर शके ९८२, म्हणजे इ.स. १०६०, त्याच्या दोनशे वर्षं आधीचं. तरी लोक त्याला हेमाडपंती म्हणतात, कारण बिनचुन्याचं घडीव दगडी काम दिसलं की तो शब्द आपसूक येतो. माणसाचं नाव बांधणीच्या पद्धतीला चिकटलं आणि कर्ता म्हणून तो मागे पडला. 'सायक्लोपियन'चं हेच झालंय.

यवनिका

हो, फरक इतकाच की हेमाडपंती काम घडीव दगडाचं आणि हे अनघड. त्यामुळे 'ग्रीकांचं हेमाडपंती' असं कुणी लिहू नका म्हणजे मिळवली.

सरळवाट

तिसरा प्रश्न राहिला. राजगीर?

टाकीचे घाव

राजगीरला शब्द शोभतो, पद्धत म्हणून. डोंगरांच्या माथ्यावरून फिरणारी ही भिंत सुमारे ४० किलोमीटरची. दोन्ही तोंडांना ३ ते ५ फुटी अनघड शिळा, चुना नाही, मध्ये लहान दगडांची भर. जाडी साधारण साडेसतरा फूट. बाणगंगा खिंडीच्या दोन्ही अंगांना ती सर्वांत चांगली टिकली आहे, तिथे उंची ११-१२ फूट मिळते. बाहेरून बुरूजही आहेत. १९०५-०६ मध्ये जॉन मार्शल यांच्या काळात तिची पाहणी झाली, आणि पुरातत्त्व खात्याच्या लिखाणात 'सायक्लोपियन' शब्द ग्रीसवरून उसना घेतलेला आहे. ग्रीसशी प्रत्यक्ष नातं काही नाही. स्थानिक कथेत हे जरासंधाचं गिरिव्रज.

साक्सायवामानला मात्र नको. पंधराव्या शतकातलं इंका काम. शंभर टनांपुढचे दगड आहेत, पण प्रत्येक सांधा घासून-ठोकून शेजारच्याशी जुळवलेला. मायसीनीच्या तिसऱ्या तऱ्हेच्या जवळ जातं. इटलीत अलात्री, नोर्बा इथल्या बहुकोनी तटांनाही स्थानिक लोक सायक्लोपियन म्हणतात, ते सैल वापर म्हणून सोडून द्यावं.

एक चाचणी पुरते: दोन मोठ्या दगडांमध्ये चीप आहे का? सांधा जुळवलेला असेल आणि चीप नसेल, तर तो शब्द वापरू नका.

कोकणचो

या पद्धतीने नुसत्या भिंतीच बांधल्या की आणखी काही?

यवनिका

टिरिन्सचे तटातले बोळ बघा. तिथे जाडी काही ठिकाणी १७ मीटरपर्यंत जाते आणि तटाच्या पोटातच अरुंद बोळ आणि कोठारं आहेत. छत कमानीचं नाही. दोन्ही बाजूंचा प्रत्येक थर खालच्यापेक्षा जरा पुढे काढत नेला आहे आणि माथ्यावर दोन्ही बाजू टेकतात. खालचे दगड हाताला गुळगुळीत लागतात, तेही अंगाच्या उंचीपर्यंतच. तिथे पुढे शतकानुशतकं मेंढ्या कोंडत, त्यांच्या अंगाच्या घासण्याने आलेली ती झिलई. सायक्लॉप्सच्या घरी मेंढ्या आल्याच शेवटी.

टिरिन्सकडून एपिडॉरसकडे जाणाऱ्या जुन्या वाटेवर आर्काडिकोचा पूलही असाच. २२ मीटर लांब, पायथ्याशी साडेपाच मीटर रुंद, सुमारे चार मीटर उंच, आणि पाणी जायला वाट जेमतेम एक मीटर. तीन हजार वर्षांहून जुना. ओढ्याला मोठा लोंढा नाही म्हणून तेवढी वाट पुरते. मोठ्या नदीवर हे चालणार नाही, थर पुढे काढत मोठा गाळा साधायचा तर उंची भलतीच वाढते.

सरळवाट

काँक्रीटमध्येही 'सायक्लोपियन' म्हणतात ना?

टाकीचे घाव

म्हणतात. आपल्याकडे साइटवर त्याला प्लम काँक्रीट म्हणतात. मोठ्या भरावाच्या सळईविरहित काँक्रीटमध्ये धोंडे टाकायचे, सिमेंट वाचतं आणि उष्णता कमी होते. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकानुसार धोंडे १६० मिलिमीटरच्या वरचे, काँक्रीटच्या आकारमानाच्या जास्तीत जास्त २० टक्के, सारखे पसरलेले, पृष्ठभागापासून किमान १५० मिलिमीटर आत, आणि तेही प्रभारी अभियंत्याची परवानगी असेल तरच. बिघडतं ते असं: धूळभरला कोरडा धोंडा टाकला की तो भोवतीचं पाणी ओढतो आणि काँक्रीट त्याला धरत नाही. दोन धोंडे चिकटून पडले की मध्ये पोकळी राहते. धुऊन, ओले करून, एकेक हाताने ठेवायचे, डंपरमधून ओतायचे नाहीत. इथे चिपा नाहीत आणि बांधणी नाही, शब्दातला फक्त 'मोठा दगड' उरलाय.

पुस्तकी किडा

'महापाषाणी'चा निकाल काय?

ऊनसावली

तो शब्द आधीच दिलेला आहे. नागपूरजवळचं जुनापाणी, माहुरझरी इथली शिळावर्तुळं, लोहयुगातली दफनं, यांना मराठी पुरातत्त्वात महापाषाणी म्हणतात. तटबंदीला तोच लावला तर वाचक थडगं शोधत बसेल.

पुस्तकी किडा

मग असं लिहिलं तर? 'टिरिन्सचा तट सायक्लोपियन बांधणीचा आहे: अनघड शिळा एकमेकींवर रचून, फटींत चिपा बसवून केलेली कोरडी बांधणी. पुढच्या काळातल्या ग्रीकांनी तिचं श्रेय सायक्लॉप्सना दिलं, त्यावरून हे नाव.'

टाकीचे घाव

'कोरडी' काढा. फटींत आणि भरीत माती आहे, ती पाणी कालवूनच भरतात. 'बिनचुन्याची' लिहा.

यवनिका

आणि 'शिळा एकमेकींवर रचून' वाचल्यावर भिंत एकाच दगडाच्या जाडीची वाटते. 'दोन्ही तोंडांना शिळा आणि मध्ये दगडमातीची भर' हे हवंच.

पुस्तकी किडा

दोन्ही बदल केले. 'राक्षसी' खोडलं.